घटस्फोटाची तीन कोटेशनं

"विषय : घटस्फोटाच्या मध्यस्थीकामी दरपत्रक मिळणेबाबत," आबांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बरोबर वाटतंय?"

मी चहा गाळत होते. गाळणी तशीच हातात राहिली.

"आबा, हे काय चाललंय?"

"पत्र टाईप केलंय. पुढं ऐक. संदर्भ : सूनबाई व चिरंजीव यांची तोंडी विनंती, दिनांक पंधरा जानेवारी. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमचे कुटुंबातील एका जोडप्याचा विवाह उभयतांच्या संमतीने संपुष्टात आणावयाचा असून, त्याकामी मध्यस्थ नेमणे आवश्यक आहे. तरी आपले दर सीलबंद पाकिटातून..."

"सीलबंद?"

"मग? उघडं आलं तर एकाचा दर दुसऱ्याला कळतो."

हसावं का कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. बाहेर माझी आठ वाजताची शिकाऊ बाई गाडीपाशी येऊन उभी होती, आणि इकडं माझा सासरा माझ्या काडीमोडाचं टेंडर काढत होता. कर्म माझं!

आबा म्हणजे श्रीरंग पिसाळ. इरिगेशन खात्यात चौतीस वर्षं घालवून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. ऑफिसच्या लिलावात निघालेला टाईपरायटर त्यांनी घरी आणला होता आणि खात्याचे नियमही बरोबरच आणले होते. कराडच्या आमच्या घरात तीन कोटेशनं आल्याशिवाय मिक्सरसुद्धा दुरुस्त व्हायचा नाही. आमच्या लग्नात मांडववाले तीन बघितले, आचारी तीन बघितले. मला बघायला विट्याला आले तेव्हा मात्र चहा प्यायला आणि तिथंच होय म्हणून टाकलं. सासूबाई नंतर कितीतरी दिवस हसायच्या, की जन्मात पहिल्यांदा ह्या माणसानं एकाच कोटेशनवर काम दिलं.

सासूबाई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेल्या. माझा नवरा जयसिंग वापीला केमिकल कंपनीत. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचा, मग सणाला, मग दिवाळीलाच. घरात उरलो मी आणि आबा. मी दिवसभर घरात बसून कुढतेय हे बघून आबांनी एक दिवस मला ड्रायव्हिंग शिकायला घातलं. स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती, पण फंडातले पैसे काढून जुनी मारुती घेतली आणि म्हणाले, "आता दुसऱ्या बायकांना शिकव." मी शिकवायला लागले. संध्याकाळी स्टेडियममागच्या मैदानावर मी बायकांना गाडी मागं घ्यायला शिकवायची, आणि आबा सिमेंटच्या बाकड्यावर बसून त्यांना दहापैकी मार्क द्यायचे. बायका मला घाबरायच्या, कारण माझं तोंड फाटकं. आबांना मात्र विचारायच्या, "काका, आज किती?"

त्या संक्रांतीला, म्हणजे दोन हजार अकराच्या, जयसिंग आला आणि मला म्हणाला, "कांचन, तिथं एकजण आहे. मीनाक्षी नाव आहे." मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आम्ही दोघांनी बसून शांतपणे ठरवलं, की कोर्टात भांडायचं नाही, मध्यस्थापुढं बसून काय ते ठरवायचं आणि मोकळं व्हायचं. मूलबाळ नव्हतं. अडचण काहीच नव्हती.

अडचण एकच होती, ती मी जयसिंगला सांगितली नव्हती. नवरा सोडायला मी तयार होते. सासरा सोडायला तयार नव्हते. आणि एकाला सोडून दुसऱ्याला ठेवायची सोय कुठल्या कायद्यात आहे, ते मला माहीत नव्हतं.

आम्ही आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला तिळगूळ परत वाटीत ठेवला. मग एवढंच म्हणाले, "खर्च किती येतो ह्याला?"

पत्रं तिघांना गेली. एक पुण्याच्या आगाशे बाईंना; त्या वकिली सोडून फक्त मध्यस्थीच करायच्या. दुसरं कराडातल्याच इनामदार वकिलांना. तिसरं साताऱ्याला, जिल्ह्याच्या कोर्टातल्या मध्यस्थी केंद्राला.

आगाशे बाईंचं पाकीट आठ दिवसांत आलं. आबांनी ते ब्लेडनं कापलं, आवक तारीख टाकली, बारीक सही केली आणि शंका विचारायला फोन लावला. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर.

"बाई, तासाला दोन हजार हे प्रत्येकी, का दोघांत मिळून?"

"दोघांत मिळून. निम्मे निम्मे द्यायचे."

"एकेकाशी वेगळं बोलायची वेळ आली तर?"

"तोही वेळ धरला जातो, काका."

"साधारण किती बैठका?"

"चार धरा. आधीच मिटलं तर उरलेल्यांचे पैसे मी घेत नाही. शेवटी करार लिहायचे पाच हजार वेगळे, सेवा कर वेगळा."

आबा सगळं लिहून घेत होते. मग पेन थांबलं. "आणखी एक विचारतो. समजा दोघं आले आणि बोललेच नाहीत. नुसते गप्प बसले. तर?"

बाई तिकडं हसल्या. "गप्प बसले तरी तास चालूच राहतो."

आबांनी फोन ठेवला. "ऐकलंस? गप्प बसायचेही पैसे पडतात. आणि तुम्ही दोघं तर नऊ वर्षं तेच करताय."

मी गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर पडले. त्या दिवशी एका गरीब बाईला मी क्लचवरून नको तेवढं झापलं. ती रडकुंडीला आली.

इनामदार वकिलांचा दर आला एकरकमी पंचवीस हजार. अर्ज, तारखा, तडजोड, सगळं त्यात. आबांनी तो बाद केला. "दोन्ही पक्षांना एकच वकील? उद्या बोलायला जागा राहील."

साताऱ्याहून पत्रच येईना, म्हणून आबा स्वतः एसटीनं जाऊन आले. आले ते फसवलं गेल्यासारखा चेहरा करून.

"म्हणतात, एक रुपयाही नाही. कोर्टात अर्ज टाकला की मध्यस्थ तेच नेमून देतात. फुकट."

"मग झालं की! तिथंच जाऊ."

"शून्य दराचा देकार ग्राह्य धरता येत नाही."

"आबा, हा काही कालवा बांधायचा नाही. घटस्फोट आहे!"

"नियम तो नियम. एक बाद झाला, एक शून्य आला, उरला एक. एका दरपत्रकावर काम देता येत नाही. परत मागवायला लागतील."

परत मागवली. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये ते म्हणाले, मार्च एंडला कुणी नवीन काम काढत नाही. रिटायर माणसाचा कसला मार्च एंड, देव जाणे! एप्रिलमध्ये त्यांनी मोठ्या कागदावर तुलनात्मक तक्ता आखला. दर, प्रवास, बैठका, मसुदा, शेरा. तो आखायलाच पंधरा दिवस गेले, आणि शेवटी काम पुण्याच्या बाईंना द्यायचं ठरलं.

जयसिंगचा दर रविवारी फोन यायचा.

"आबांचं कुठवर आलं?"

"तक्ता चाललाय."

"कसला तक्ता?"

"तुझा बाप आहे, तू विचार."

मग आम्ही दोघंही हसायचो. त्याआधी चार वर्षांत आम्ही फोनवर एवढं बोललो नव्हतो. तो बिचारा वाईट नव्हताच. माझ्या वाट्याचा नव्हता, एवढंच.

आणि खोटं कशाला बोलू, मीही घाई केली नाही. सकाळी चहा, आबांची पेपरवरची टीका, दुपारी भाकरी-पिठलं, संध्याकाळी मैदान. मला हे सगळं आहे तसं पाहिजे होतं. मे महिना असाच गेला. पुण्याहून तारीख आली का विचारलं, की आबा म्हणायचे, "बाई फार बिझी आहेत."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आगाशे बाईंचा मलाच फोन आला. नंबर आबांच्या पत्रात होता.

"कांचनताई, पिसाळ साहेबांनी आज तिसऱ्यांदा तारीख रद्द केली. तुमचा दोघांचा विचार बदललाय का? बदलला असेल तर मला आनंदच आहे. पण तसं कळवा, म्हणजे मी ती वेळ दुसऱ्यांना देईन."

मी बाईंची माफी मागितली, फोन ठेवला आणि तरातरा परसात गेले. आबा सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते.

"आबा, पुण्याच्या तीन तारखा कुणी रद्द केल्या?"

शेंग अर्धी फोडलेली तशीच राहिली. "मी."

"मला न विचारता? का?"

त्यांनी ती शेंग सुपात परत टाकली. मग माझा तोल गेला. "संसार परत जुळेल म्हणून? नऊ वर्षांत जुळला नाही, तो तुमच्या तक्त्यानं जुळणार आहे? तिकडं ती मीनाक्षी ताटकळत बसलीय, मी धड इकडची ना तिकडची. आणि तुम्ही कोटेशन कोटेशन खेळताय? माझ्या आयुष्याचा पोरखेळ लावलाय तुम्ही!"

शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून ऐकत उभी राहिली. राहू दे म्हटलं. आबांनी मला पुरतं बोलू दिलं.

"संसार मोडलाय ते मला तुमच्या आधी कळलं होतं," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. तो दिवाळीला आला आणि तू त्याला विचारलंस, जेवून जाणार का? नवऱ्याला कोण असं विचारतं? तेव्हाच मी समजलो."

"मग हे सगळं कशासाठी?"

"तिन्ही कागद मी पन्नास वेळा वाचले, कांचन. तास लिहिलाय, प्रवास लिहिलाय, मसुदा लिहिलाय. ह्यात माझं काय जाणार, ते एकानंही लिहिलं नाही." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सही झाली की तू ह्या घरची कोण? मी तुझा कोण? सरकारी कामात वेळ काढायचा असला तर कोटेशनसारखा उपाय नाही. तेवढाच मला येतो. पाच महिने पाहिजे होते, घेतले. माझं चुकलं."

मी खाली बसले आणि उरलेल्या शेंगा फोडायला लागले. डोळ्यांना पदर लावला तर टरफलांची धूळ डोळ्यांत गेली आणि आणखीच पाणी आलं. आबा म्हणजे माझा जीव होता. हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं आणि त्या दिवशीही म्हणता आलं नाही.

"मी कुठं जात नाही," मी म्हणाले. "दोन गल्ल्या सोडून खोली घेते. सकाळी चहाला येईन, रात्रीचा डबा देऊन जाईन. कोण काय म्हणतंय बघतेच."

आबा उठून टरफलं टाकायला गेले. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

शेवटी आम्ही फुकटच्याच ठिकाणी गेलो. कोर्टात अर्ज दाखल झाला आणि ऑगस्टमधल्या एका सोमवारी साताऱ्याला बोलावणं आलं. जयसिंग आदल्या दिवशी कराडला आला. सकाळी तिघंही माझ्याच गाडीतून निघालो. मी चालवत होते, जयसिंग शेजारी, आबा मागं. घटस्फोटाला एका गाडीतून आलेली माणसं बघून कोर्टातला शिपाईसुद्धा चक्रावला.

मध्यस्थ होत्या घाटगे बाई. पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. खोलीत एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. आबांना बाहेर बाकड्यावर बसवलं.

आमचं तासाभरात उरकत आलं. दागिने माझे. गाडी आबांनी घेतली होती, पण कागद जयसिंगच्या नावावर होते. ते माझ्या नावावर करायचे. जयसिंग वर चार लाख देतो म्हणाला. मी नको म्हणाले. तो म्हणाला, घे. मी म्हणाले, मी कमावते.

घाटगे बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे द्यायला बसलेत आणि तुम्ही घेईनात? माझ्यापुढं रोज उलटं चालतं हो. घ्या गपचूप."

मी घेतले.

"आणखी काही राहिलंय?"

"आबा," मी म्हणाले.

"आबा," जयसिंगही म्हणाला. एकाच वेळी.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्याचाही ह्यावर विचार झाला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ते माझ्याकडं येतील, वापीला," तो म्हणाला. "मोठा फ्लॅट घेतलाय. त्यांच्यासाठी खोली आहे."

"त्यांना न्यायला तुला आज आठवलं होय रे? नऊ वर्षांत त्यांच्या शेजारी बसून किती वेळा जेवलास? त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव तरी माहिताय तुला?"

"नाही माहीत."

"मग?"

"कसं माहीत असणार, कांचन?" त्याचा आवाज एकदम चढला. "मी फोन केला की म्हणतात, थांब, कांचनला देतो. घरी आलो की विचारतात, परत कधी जाणार. मी तुला कधी बोललो नाही. पण माझा बाप तू घेतलास. माझ्याकडं काही उरलंच नव्हतं त्या घरी यायला."

नऊ वर्षांत आमचं भांडण म्हणावं असं हे पहिलंच. बाकी सगळं मी खोडून काढलं असतं, पण हे खरं होतं.

घाटगे बाई म्हणाल्या, "त्यांना विचारलंय का कुणी?"

आबांना आत बोलावलं. ते येऊन टेबलापुढं उभे राहिले, साहेबानं बोलावल्यावर उभे राहायचे तसे. बाईंनी बसवलं. विचारलं, "काका, तुम्हाला कुठं राहायचंय?"

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग जयसिंगकडं. म्हणाले, "वापीला."

"खोटं बोलताहेत हे!" मी खुर्चीतून उठले. "बाई, तुम्ही लिहू नका. कराडचं पाणी सोडून ह्यांना दुसरं पाणी सोसत नाही. हे मुद्दाम बोलताहेत."

बाईंनी आम्हा दोघांना बाहेर पाठवलं आणि आबांशी एकटीनं बोलल्या. पंधरा मिनिटं आम्ही बाकड्यावर बसून होतो. जयसिंगनं मला पाण्याची बाटली दिली, मी घेतली. आत बोलावल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "त्यांचं नक्की आहे. हे करारात लिहायचं कारण नाही. ते सज्ञान आहेत."

करार टाईप होऊन आला. आम्ही दोघांनी पानोपानी सह्या केल्या. आबांनीही खिशातलं पेन काढून टोपण उघडलं होतं.

"माझी सही कुठं?"

"तुमची लागत नाही, काका. तुम्ही ह्यात पक्षकार नाही."

"बरं," असं म्हणून त्यांनी टोपण लावलं. मला ते बघवलं नाही.

खर्च एक रुपयाही आला नाही. जयसिंग साताऱ्यातूनच वापीची गाडी पकडायला स्टँडवर उतरला. आम्ही दोघं कराडला निघालो. उंब्रज सोडलं आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली.

"का? एवढंच सांगा. का?"

आबा काचेतून बाहेर उसाकडं बघत होते. "दारापलीकडून जयसिंग बोलत होता ते मला ऐकू आलं. चांगला कान दाराकडं होता. चुकीचं नाही बोलला तो. तू गुणाची निघालीस, तो लांब गेला. मी तुझी बाजू घेतली आणि बसलो. माझा एकुलता एक पोरगा फोनवर आबा म्हणायचा आणि मी फोन तुझ्या हातात द्यायचो. चाळिशीतल्या पोरालाही बाप लागतो गं."

"आणि मला? मला नाही लागत?"

त्यांनी काच थोडी खाली केली.

"तू छत्तीसची आहेस. मी कराडात राहिलो तर तू रोज डबा घेऊन येणार. मी आजारी पडणार, तू उशाशी बसणार. अख्खी गल्ली म्हणेल, काय गुणाची बाई! त्या कौतुकातच तुझी वर्षं सरतील. कुणी चांगला माणूस भेटला तरी तू म्हणशील, आबांचं काय? पाच महिने मी चोरले ते चोरले. आणखी नाही."

"माझं काय करायचं ते मी बघेन! तुम्ही कोण ठरवणारे?"

"कोणीच नाही. त्यावरच आज सही झालीय."

मग मी ओरडले. दुष्ट आहात म्हणाले, तुमच्या जिवावर मी उभी राहिले आणि तुम्ही मला रस्त्यात सोडताय म्हणाले. बाजूनं ट्रक हॉर्न देत जात होते. आबा ऐकत होते. माझं संपल्यावर मी म्हणाले, "मी दर महिन्याला वापीला येणार. बघू कोण अडवतंय."

"सारखी नको येऊस. ते घर मीनाक्षीचं असणार. तिला अवघड होईल."

हेही बरोबर होतं. त्यांचं सगळंच बरोबर होतं, म्हणून तर माझा संताप होत होता.

"म्हणजे आता तुमचं-माझं काहीच राहिलं नाही?"

आबांनी पुढच्या रस्त्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "चल, ऊन चढतंय."

दिवाळीआधी ते वापीला राहायला गेले. पहिल्या वर्षी मी दोनदा जाऊन आले. मीनाक्षी चांगली बाई होती, हे मी सरळ सांगते. आबांच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवायची, भाकरी थापायला शिकली होती. मला चहा करून द्यायची, पोहे द्यायची. मी सोफ्यावर मांडीवर पर्स घेऊन बसायची, पाहुणीसारखी. आबा आणि जयसिंग गॅलरीत बसून वाद घालायचे, तेव्हा मला बरंही वाटायचं आणि मी पर्सची चेन उघडत-मिटत बसायची. पुढं वर्षातून एकदा जायला लागले. मग आबांचा दुसराही कान गेला आणि रविवारचा फोनही नावापुरता उरला. मी इकडून ओरडायची, ते तिकडून 'बरी आहेस ना?' एवढंच तीन वेळा विचारायचे.

मी परत लग्न केलं नाही. आबांचा तेवढा एक अंदाज साफ चुकला. पण माझी स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल झाली, तीन गाड्या झाल्या, आणि माझी सकाळ कुणाच्या उशाशी गेली नाही. हळूहळू मी मनाला पटवून टाकलं, की जे काही नातं होतं ते साताऱ्याच्या त्या टेबलावर संपलं. कागदावर तसंच होतं. मी चिडायचंही सोडून दिलं होतं.

सहा वर्षांनंतरच्या डिसेंबरात, एका सकाळी साडेसात वाजता, मी एका नव्या बाईला मैदानावर स्टिअरिंग धरायला शिकवत होते. फोन वाजला. जयसिंगचा होता.

"कांचन, आबा गेले. पहाटे. झोपेतच."

मी त्या बाईला खूण केली. तिनं ब्रेक दाबला, गाडी आचका देऊन बंद पडली.

"कांचन? ऐकतेस ना?"

"हं."

"तू निघ."

तोंडाला आलं ते बोलले. "जयसिंग, मला पोचायला चार-साडेचार होतील रे. तुमच्याकडं माणसं जमली असतील. सगळ्यांना ताटकळत कशाला ठेवायचं? तुम्ही उरकून घ्या. मी मागाहून येते."

"जमलेत सगळे. शेजारचे दोनदा विचारून गेले, कधी उचलायचं म्हणून." त्याचा आवाज फुटला, मग त्यानं तो सावरला. "मी सांगितलंय त्यांना. घरचं एक माणूस यायचंय. ते आल्याशिवाय आबांना हलवायचं नाही. मीनाक्षी दारातच बसलीय, ती कुणाला हात लावू देत नाही. तू सावकाश चालव, घाई करू नको. आम्ही थांबलोय."